पदवीचा कागद आणि कारखान्यातील बढती

गेल्या जुलै महिन्यात आमच्या महाविद्यालयातील द्वितीय वर्ष कला शाखेचा एक विद्यार्थी माझ्या टेबलापुढे येऊन उभा राहिला. हातात अर्ज होता. महाविद्यालय सोडल्याचा दाखला मिळावा, अशी त्यात विनंती होती आणि अर्थशास्त्र विभागाचा प्रमुख या नात्याने माझी त्यावर सही हवी होती. कारण विचारले तेव्हा कळले, की उन्हाळ्याच्या सुट्टीत तो शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात कामाला जात होता. संगणकाच्या आज्ञेवर चालणारे मिलिंगचे यंत्र, ज्याला तेथील मंडळी व्हीएमसी म्हणतात, ते चालवायला तो तेथे शिकला. सुट्टी संपली तरी काम संपले नव्हते आणि मालक "कायम ये" म्हणत होते.

"सर, बी.ए. होऊन तरी पुढं काय करणार?" त्याने विचारले.

त्यात उद्धटपणा नव्हता. खरे तर तो प्रश्नही नव्हता. उत्तर त्याच्याजवळ तयार होते. मी सही केली नाही. "उद्या ये," एवढेच म्हणालो. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला अशा प्रश्नाचे उत्तर तोंडपाठ असायला हवे, असे वाचकांना वाटेल. मला ते नव्हते, आणि नसण्याचे कारण माझ्या घरात होते. माझे वडील पॅटर्नमेकर होते. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. नववीतून त्यांची शाळा सुटली, १९५८ साली ते कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात कामाला लागले आणि पुढची ४५ वर्षे त्यांनी फौंड्र्यांसाठी लाकडी पॅटर्न बनवले. पदवीवाचून तांत्रिक क्षेत्रात माणूस किती वर चढू शकतो आणि कोठे अडतो, हे मी पुस्तकात वाचण्यापूर्वी घरात पाहिले होते. त्या मुलाला दुसऱ्या दिवशी जे सांगितले, आणि जे सांगताना मला माझेच काही आठवले, ते येथे जरा विस्ताराने मांडतो.

हा विषय निघाला की आपल्याकडे थोरांची उदाहरणे देण्याची पद्धत आहे. ती खोटी नसतात. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८८५ साली चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. डोळ्यांना काही रंगांतला भेद नीट कळत नाही असे आढळल्यावर चित्रकला सुटली आणि ते यांत्रिक आरेखनाकडे वळले. पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवू लागले. बढतीची वेळ आली तेव्हा ती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थांना मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली, बेळगावास सायकलींचे दुकान काढले, अमेरिकन नियतकालिके मागवून त्यांतून यंत्रविद्या शिकून घेतली, कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर बनवले आणि १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी केली. त्या माळावर त्यांच्याबरोबर जी माणसे गेली, त्यांत शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर होते. ते तेथे कल्पक अभियंता म्हणून नावारूपास आले.

आमच्या कोल्हापुरातही असे उदाहरण आहे. बाबूराव पेंटर यांचे शालेय शिक्षण बेताचे. नाटकांचे पडदे रंगवणारा हा माणूस. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली पडद्यावर आला, त्यानंतर बाबूराव आणि त्यांचे मावसभाऊ आनंदराव यांना चलच्चित्राने झपाटले. आनंदराव १९१६ साली वारले. बाबूरावांनी हाय खाल्ली नाही. विष्णुपंत दामले यांच्या मदतीने त्यांनी १९१८ साली स्वतःचा कॅमेरा तयार केला. 'सैरंध्री' हा त्यांचा चित्रपट १९२० साली प्रदर्शित झाला. दामल्यांनीही कोठल्या तंत्रमहाविद्यालयाचे तोंड पाहिले नव्हते. पुढे 'प्रभात'मध्ये बोलपट आल्यावर ध्वनिमुद्रणाचे काम त्यांनी अंगावर घेतले, आणि बोलपटाचे तंत्र तेव्हा या देशात सर्वांनाच नवे होते.

ही नावे ऐकून विद्यार्थ्यांच्या डोळ्यांत चमक येते. पण अभ्यासक म्हणून या उदाहरणांकडे पाहताना एक गोष्ट नजरेआड करून चालत नाही. लक्ष्मणराव आणि बाबूराव कोणाच्या नोकरीत राहून वर चढले नाहीत. एकाला नोकरीत वर चढू दिले नाही म्हणून तो बाहेर पडला. दुसरा नोकरीत शिरलाच नाही. फळणीकर नोकरीत राहून मोठे झाले हे खरे, परंतु त्यांचे काम जोखणारा मालक स्वतः पदवीवाचून आरेखन आणि यंत्रविद्या शिकलेला होता आणि त्यांच्याबरोबर त्याच छपराखाली वावरत होता. फळणीकरांनी काय बनवले हे त्याला प्रमाणपत्रावरून ठरवावे लागत नव्हते. प्रत्येक कामगाराला असा मालक मिळत नाही, आणि प्रत्येकाजवळ स्वतःचा कारखाना काढण्याइतके भांडवल नसते. तेव्हा आपला प्रश्न या थोरांचा नाही. जो दुसऱ्याच्या कारखान्यात सकाळी आठला कार्ड पंच करतो आणि ज्याला तेथेच मोठे व्हायचे आहे, त्याचा आहे.

पॅटर्नमेकरचे काम काय असते हे थोडे सांगितले पाहिजे, कारण बाहेरच्या माणसाला तो सुतार वाटतो. इंजिनाचा एखादा भाग ओतायचा तर वाळूत त्याच्या आकाराची पोकळी करावी लागते, आणि ती पोकळी उमटवण्यासाठी आधी लाकडाचा हुबेहूब भाग लागतो. हाच पॅटर्न. पण तो हुबेहूब असून चालत नाही, यातच सारी गंमत आहे. वितळलेले लोखंड थिजताना आणि निवताना आकसते. बिडाच्या बाबतीत ढोबळमानाने १०० भागांस १ भाग. म्हणजे ३०० मिलिमीटर लांबीचा भाग हवा असेल तर पॅटर्न सुमारे ३०३ मिलिमीटरचा करावा लागतो. यासाठी पॅटर्नमेकरजवळ एक वेगळीच पट्टी असते. तिच्यावरचे आकडे नेहमीचे असतात, पण खुणा तेवढ्या प्रमाणात लांब लांब मारलेल्या असतात. लहानपणी मी आबांच्या पेटीतली ती पट्टी शाळेत नेली आणि भूमितीच्या तासाला माझ्या सर्व आकृत्या चुकल्या. मास्तरांनी पट्टी पडताळून पाहिली आणि "ही पट्टी खोटी आहे," असा निकाल दिला. आबांना सांगितले तेव्हा ते पुष्कळ हसले.

आकसण्याखेरीज आणखी हिशेब असतात. पॅटर्न वाळूतून वर उचलताना वाळू ढासळू नये म्हणून त्याच्या उभ्या बाजूंना किंचित उतार द्यावा लागतो. जो पृष्ठभाग पुढे लेथवर किंवा मिलिंगवर तासायचा आहे, तेथे जादा जाडी ठेवावी लागते. भाग आतून पोकळ हवा असेल तर पोकळीसाठी वाळूचा वेगळा गाभा लागतो, त्याची पेटी वेगळी, आणि तो गाभा टेकण्यासाठी पॅटर्नवर खुंट्या. कोपरे धारदार राहिले तर तेथे ओतीव भाग तडकतो, म्हणून ते गोलवायचे. हे सारे त्या भागाच्या ड्रॉईंगमध्ये लिहिलेले नसते. ड्रॉईंगमध्ये तयार भाग असतो. त्यावरून लाकूड, वाळू आणि वितळलेली धातू या तिन्हींच्या स्वभावाचा विचार करून पॅटर्न मनात उलगडायचा असतो.

आबा पहिली सहा वर्षे फक्त रंधा मारत होते. मेस्त्री सांगतील तेवढे लाकूड तासायचे. ते वर चढले ते हाताच्या कसबाने नव्हे, कारण तसे कसब त्या शॉपमध्ये आणखी तिघाचौघांना होते. ते ड्रॉईंग वाचायला शिकले म्हणून चढले. उद्यमनगरातच एक वृद्ध ड्राफ्ट्समन होते. त्यांच्या घरी आबा दोन पावसाळे रात्रीचे जात राहिले. बटाटा कापून त्याचे छेद दाखवण्याची त्या गृहस्थांची रीत होती. पुढे तीच रीत आबांनी मला दाखवली. मला छेद कळले नाहीत, पण आईचे बटाटे वाया गेले. ड्रॉईंग कळू लागल्यावर मात्र साहेबांचा निरोप मेस्त्रींच्या तोंडून यायची गरज राहिली नाही. साहेब कागद थेट आबांच्या हातात देऊ लागले. १९७० च्या सुमारास ते पॅटर्न शॉपचे मेस्त्री झाले.

येथे मला माझा पहिला निष्कर्ष नोंदवावासा वाटतो. तांत्रिक कामात पदवीवाचून पहिल्या दोन-तीन पायऱ्या चढता येतात आणि त्या चढवणारी शिडी बहुधा ड्रॉईंगची असते. हाताला वळण असलेली माणसे पुष्कळ मिळतात. कागदावरची रेषा आणि हातातील वस्तू यांची सांगड घालणारा कामगार मिळाला, तर फोरमन त्याला सोडत नाही. आजच्या व्हीएमसीवर काम करणाऱ्या मुलालाही हेच लागू आहे. बटण दाबून यंत्र चालवणारा ऑपरेटर आठवड्याभरात तयार होतो. ड्रॉईंग पाहून प्रोग्रॅम दुरुस्त करणारा आणि हत्यार कोठे झिजले हे ओळखणारा सेटर तयार व्हायला वर्षे लागतात. पगारातला फरक त्यातूनच येतो.

ड्रॉईंग वाचण्याचे मोल किती, याचा एक प्रसंग आबा नेहमी सांगत. बाहेरदेशाची एक ऑर्डर आली होती आणि तिच्याबरोबर अमेरिकन पद्धतीची ड्रॉईंग. आपल्याकडे सामान्यतः पहिल्या कोनाची पद्धत चालते, म्हणजे वरून दिसणारे दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली काढतात. अमेरिकेत तिसऱ्या कोनाची पद्धत आहे. तेथे ते वर काढतात. कोणती पद्धत वापरली आहे हे सांगणारी छाटलेल्या शंकूची एक लहानशी खूण कोपऱ्यात असते. झेरॉक्स पुसट आली होती आणि ती खूण सर्वांच्या नजरेतून सुटली. भाग दोन्ही अंगांनी सारखा नव्हता. चुकीच्या पद्धतीने वाचला असता तर आरशात दिसावा तसा उलटा भाग तयार झाला असता. लाकूड कापायला घेण्यापूर्वी आबांनी भिंग मागवले. "रेषा बरोबर हाय, पर बाजू पटंना," असे ते म्हणत राहिले आणि शेवटी ती खूण सापडली.

हे सांगितल्यावर असे वाटेल, की शिकलेले अडाणी आणि न शिकलेले शहाणे असा माझा सिद्धांत आहे. तसे नाही, आणि आबांचे तसे मत नव्हते. पुढे त्या फौंड्रीने साध्या बिडाबरोबर एस.जी. आयर्न ओतायला घेतले. या लोखंडात मॅग्नेशियम मिसळून आतील ग्रॅफाइटचे पापुद्रे न होऊ देता गोळे होऊ देतात. त्यामुळे ते साध्या बिडासारखे ठिसूळ राहत नाही. पण ते थिजण्याची तऱ्हा वेगळी. आबांचे सारे अंदाज साध्या बिडावर बेतलेले होते. नव्या कामात ओतीव भागांच्या पोटात पोकळ्या निघू लागल्या. भाग थिजताना त्याला लागणारी जादा धातू पुरवण्यासाठी साच्यावर एक कोठी ठेवतात, तिला रायझर म्हणतात. तो रायझर केवढा हवा हे आबा नजरेने ठरवीत आणि वीस-पंचवीस वर्षे ते बरोबर येत होते. आता येईना.

तेव्हा पदविका घेऊन नुकताच लागलेला एक तरुण पुढे आला. त्याने भागाचे घनफळ काढले, त्याला पृष्ठफळाने भागले. १० सेंटिमीटर बाजूचा ठोकळा घेतला तर घनफळ १००० आणि पृष्ठफळ ६००, भागाकार १.६७. हा आकडा जेवढा मोठा तेवढा तो भाग थिजायला वेळ अधिक, आणि वेळ त्या आकड्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. रायझरने भागाच्या नंतर थिजले पाहिजे, म्हणून त्याचा आकडा भागाच्या आकड्यापेक्षा अधिक हवा. हा झाला पाया, एस.जी. आयर्न थिजताना आतील ग्रॅफाइटमुळे काहीसे फुगते, त्याचाही विचार त्या तरुणाने केला. पोकळ्या गेल्या. आबांनी घरी येऊन मला विचारले, "हे वर्ग म्हंजे काय असतंय रं?" मी तेव्हा बी.ए. होऊन एम.ए. करीत होतो. संख्येला तिनेच गुणणे, एवढे मी सांगितले. लोखंडाचा त्याच्याशी काय संबंध, हे मला सांगता आले नाही.

अनुभव जेथे पूर्वी घडलेल्याच गोष्टी पुन्हा घडतात तेथे उपयोगी पडतो. नवी धातू, नवे यंत्र, नवे माप आले की सिद्धांत माहीत असणारा पुढे जातो. विद्यार्थी मित्रांनी हे मनात ठेवावे. पदवी निरुपयोगी आहे असे सांगणारे पुष्कळ भेटतात आणि त्यांतील बऱ्याच जणांची मुले अभियांत्रिकी महाविद्यालयात असतात.

आता मूळ अडचणीकडे येतो. १९९६ साली त्या फौंड्रीने आय.एस.ओ. ९००१ हे गुणवत्तेचे प्रमाणपत्र मिळवायचे ठरवले. मोठे ग्राहक त्यावाचून ऑर्डर देईनासे झाले होते. प्रत्येक विभागाची कार्यपद्धती लिहून काढायची, प्रत्येक कामगाराची अर्हता तक्त्यात भरायची, असे काम सुरू झाले. पॅटर्न शॉपचा प्रमुख असे एक रीतसर पद निर्माण झाले. आबा त्या वेळी ५३ वर्षांचे होते आणि ते काम पंचवीस वर्षे करीतच होते. पद मिळाले त्या पदविकाधारक तरुणाला. आबांच्या नावापुढील अर्हतेच्या चौकटीत 'नववी' असे लिहिले होते.

कारखान्याचे नाव येथे नको. आज तो त्या नावाने चालतही नाही. मला कोणावर दोष ठेवायचा नाही, कारण पुढे अभ्यासासाठी मी त्या प्रमाणकाची त्या वेळची आवृत्ती वाचली तेव्हा चकित झालो. त्यात पदवी हवी असे कोठेही म्हटलेले नव्हते. माणूस त्या कामास पात्र आहे हे शिक्षण, प्रशिक्षण किंवा अनुभव यांपैकी योग्य त्या आधारे ठरवावे आणि प्रशिक्षणाच्या नोंदी ठेवाव्यात, एवढाच दंडक होता. म्हणजे अनुभव चालत होता. पण अनुभवाची नोंद कोणाजवळच नव्हती. आबांनी बनवलेले शेकडो पॅटर्न रॅकवर होते, त्यांवर पार्टचा नंबर होता. ते कोणी बनवले, पहिल्या खेपेस काय चुकले आणि कसे सुधारले, याची एक ओळ कोठे लिहिलेली नव्हती. आकडेमोड सारी प्लायवूडच्या तुकड्यांवर खडूने होत असे आणि संध्याकाळी ते तुकडे शेगडीत जात. तपासणीस बाहेरगावचा. त्याला दाखवायला प्रमाणपत्र सर्वांत सोपे पडते. पदविकेची झेरॉक्स फाईलला लावली की ती चौकट भरते.

अर्थशास्त्रात याला संकेत म्हणतात. ज्याचे गुण प्रत्यक्ष पाहता येत नाहीत, त्याच्याविषयी पदवी हा मालकाला मिळणारा संकेत असतो, असे मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडले आणि या विषयावरील कार्यासाठी २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. हा सिद्धांत मी दरवर्षी वर्गात शिकवतो. काम पाहणारा आणि बढती देणारा एकच असतो तोवर अशा संकेताची फारशी गरज पडत नाही. कारखाना वाढला, मालक शॉपमधून केबिनमध्ये गेला, केबिनमधून पुण्याला गेला, की काम पाहणारा एक आणि सही करणारा दुसरा होतो. आबांचे पाऊल त्या दोघांच्या मधल्या जागेत अडकले. आजही माझ्या पाहण्यातील बहुतेक कुशल कामगार तेथेच अडकतात.

यातले जे मला आजवर कोणापुढे बोलता आले नाही, तेही सांगायला हवे. १९८८ साली, मी प्रथम वर्षात असताना, आबांनी एक अर्ज घरी आणला होता. आय.टी.आय.मध्ये न शिकलेल्या पण कामाचा अनुभव असलेल्या कामगाराला खाजगी उमेदवार म्हणून व्यवसाय परीक्षेला बसण्याची सोय होती. अर्ज इंग्रजीत होता. मालकाचा अनुभवाचा दाखला जोडायचा होता, त्याचा मसुदाही इंग्रजीत करून द्यायचा होता. आबा म्हणाले, "तू कॉलेजात हाईस, तेवढं भरून दे." मी हो म्हणालो. मग स्नेहसंमेलन होते, एकांकिका होती. अर्ज माझ्या वहीत राहिला. मुदत उलटून गेल्यावर आबांनी एकदाच विचारले. मी "राहिलं," म्हणालो आणि ते पुन्हा बोलले नाहीत. ते प्रमाणपत्र मिळाले असते तर १९९६ सालचे पद त्यांना मिळालेच असते असे मी म्हणत नाही. पण ती चौकट 'नववी' या शब्दावर थांबली नसती. आबा २००३ साली निवृत्त झाले. आज ते नाहीत.

हाताने काम करणाऱ्याचे कौशल्य मोजून त्याला कागदावर प्रतिष्ठा देण्याची व्यवस्था अशक्य आहे, असे नाही. जर्मनीत उमेदवारी संपवून कारागिराची परीक्षा दिलेला माणूस पुढे माइस्टर होऊ शकतो. हस्तव्यवसायांत या परीक्षेचे चार भाग असतात: प्रत्यक्ष काम, त्यामागील सिद्धांत, हिशेब व कायदा, आणि उमेदवारांना शिकवण्याची कला. यातील चौथा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. शिकवता येणे हाही तेथे पात्रतेचा भाग मानला आहे. २०१३ पासून तेथील अर्हतांच्या राष्ट्रीय चौकटीत माइस्टर आणि विद्यापीठाचा बॅचलर हे दोघेही एकाच, सहाव्या पायरीवर धरले जातात.

आपल्याकडेही पायऱ्या आहेत. आय.टी.आय.मधील कारागीर प्रशिक्षण योजना १९५० पासूनची, शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा, अर्हतांची राष्ट्रीय चौकट डिसेंबर २०१३ ची. दहावीनंतर फिटर, टर्नर, मशिनिस्ट यांसारखा दोन वर्षांचा व्यवसाय पूर्ण केलेल्यास तंत्रनिकेतनात योग्य त्या शाखेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, आणि पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. वेल्डरसारखे एक वर्षाचे व्यवसाय मात्र या वाटेला पुरत नाहीत. हा भेद प्रवेशाच्या वेळी मुलांना कोणी सांगत नाही आणि दोन वर्षांनी कळून उपयोग नसतो, म्हणून येथे मुद्दाम लिहिले.

पण या पायऱ्या दिवसा उघड्या असतात आणि कामगारही दिवसाच कामावर असतो. नोकरी न सोडता अभियंता होण्याची एक जुनी वाट होती. १९२० साली स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स या संस्थेची ए.एम.आय.ई. परीक्षा. तिचे दोन विभाग उत्तीर्ण झाले की ती सरकारी नोकरीसाठी अभियांत्रिकी पदवीच्या तोडीची धरली जाई. परीक्षा कठीण, वर्षानुवर्षे बसणारे लोक मी पाहिले आहेत. पण कारखान्यातून सुटून रात्री दिव्याखाली अभ्यास करणाऱ्याला ती आशा होती. ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी केलेल्यांपुरतीच ती मान्यता राहिली. त्यानंतर दहा वर्षांनी, २०२३-२४ पासून, अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेचे पदविका व पदवी वर्ग पुन्हा सुरू करण्यास वाव दिला आहे. त्यासाठी आपण नोकरीत आहोत आणि अनुभव आहे, हे कागदाने सिद्ध करावे लागते.

दुसऱ्या दिवशी तो विद्यार्थी आला, त्याला मी हे एवढे सगळे सांगितले नाही. आधी त्याला पगाराची चिठ्ठी मागितली. त्याने मोबाईलवर दाखवली. तो दिवसाचे दहा तास व्हीएमसी चालवतो, पण चिठ्ठी कारखान्याची नव्हती, कंत्राटदाराची होती, आणि हुद्द्यापुढे 'हेल्पर' असे होते.

"सर, सगळ्यांचं तसंच लिहितात," तो म्हणाला.

तसेच लिहितात हे मला ठाऊक होते. पाच वर्षांनी हा मुलगा उत्तम सेटर झाला तरी त्याच्याजवळचा कागद म्हणेल, की याने पाच वर्षे हेल्परचे काम केले. मग कोणत्याही वर्गाला, परीक्षेला, दुसऱ्या कारखान्यातील मुलाखतीला तो कोणता अनुभव दाखवणार? आबांजवळ निदान कारखान्याचे कार्ड होते.

दाखल्याविषयी त्याला एवढेच म्हणालो, की महाविद्यालय सोडण्याआधी त्याच कारखान्यात रीतसर शिकाऊ उमेदवार म्हणून करार होतो का ते विचार. नाही झाला तर मालकाकडून तू कोणत्या यंत्रावर कोणते काम करतोस हे त्यांच्या लेटरहेडवर लिहून घे, आणि दरवर्षी घेत जा. दोनशे पानी एक वही कर. रोजचा जॉब, ड्रॉईंग नंबर, काय बिघडले, कसे दुरुस्त केले, हे तारीख घालून लिही. तो हसला. कारखान्यात वही काढून लिहायला बसलो तर सगळे चिडवतील, म्हणाला. मग घरी येऊन लिही, म्हणालो.

महाविद्यालयातील त्याचे नाव अद्याप आहे. दुसरी पाळी मागून घेतल्यामुळे सकाळचे तास त्याला जमतात. हजेरी बेताचीच आहे. दिवाळीनंतर तो वही दाखवायला आला होता. अक्षर भयंकर आहे, पण एका पानावर त्याने हत्यार तुटण्याचे कारण तीन दिवस शोधल्याची हकिकत लिहिली आहे आणि शेजारी आकृती काढली आहे. मी ती बराच वेळ पाहिली. मालकाचे पत्र मात्र त्याने अजून मागितले नव्हते. "काय लिहायचं कळत नाही, सर," म्हणाला.

मी कागद घेतला आणि त्याला समोर बसवून अर्ज लिहून दिला. एकदा मराठीत, एकदा इंग्रजीत. यंत्राचे नाव, कामाचे स्वरूप, रुजू झाल्याची तारीख. तो सही करून निघाला तेव्हा चारची घंटा झाली होती आणि त्याची पाळी साडेचारला होती. मालक शनिवारी भेटतात, असे तो म्हणाला आहे.